राजघराण्याचे तलाठी

शेळके तात्यांच्या घरी चहा मिळणं सोपं आहे, पिणं अवघड. कप हातात येतो, तोंडाशी जातो आणि समोरून प्रश्न येतो, "राजीखुशीनं घेताय ना?"

पहिल्यांदा मला वाटलं चहात काहीतरी पडलंय. मी कपात डोकावून पाहिलं आणि "हो" म्हणालो. तात्यांचं समाधान झालं नाही. "नाय, नीट सांगा. काकूनं आणला म्हणून घेताय, का खरंच प्यायचाय?" खरंच प्यायचाय असं मी दोनदा सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. तोवर चहावर साय आली होती.

हा प्रश्न ते कोणालाही विचारतात. भाजीवालीनं वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या तर तिला विचारतात. मीटरनं यायला कबूल झालेल्या रिक्षावाल्याला विचारतात, आणि असा रिक्षावाला दुर्मीळ असल्यामुळे तो बिचारा घाबरतो. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी बोहल्यावर चढायच्या आधी नवरीला बाजूला घेऊन "राजीखुशीनं ना, बाई?" असं विचारलं होतं. नवरी लाजून हसली म्हणून निभावलं. नवरदेवाचे मामा मात्र जेवणाच्या पंगतीपर्यंत तात्यांच्या मागावर होते.

तात्या तलाठी होते. गंगापूर तालुक्यात चौतीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले आणि शहरात, गारखेड्याला आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहायला आले. नोकरी सुटली, पण दप्तर सुटलं नाही. गल्लीतलं एखादं म्हातारं माणूस गेलं की लोक सांत्वनाला जातात, तात्या सांत्वन करतात आणि निघताना मुलांना हळूच विचारतात, "वारस किती?" भिंतीला टेकून पेपर वाचत बसलेले असले तरी कान रस्त्यावर असतो. कोणी सहज "हरकत नाही" म्हणालं की ते पेपर खाली ठेवतात. "हरकत हा सस्ता शब्द नाय. पंधरा दिवसाची नोटीस लावल्यावर जो येत नाय, त्याची हरकत नसती. तुमची नसंल तर लेखी द्या." मी आजवर त्यांना अशा चार चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत. एक तर त्यांनी आमची शिडी नेण्याबद्दल होती. म्हणजे शिडी माझी आणि चिठ्ठीही माझी.

एवढा कागदाचा पक्का माणूस, पण एका ठिकाणी त्याचं काही चालत नव्हतं. तात्यांना एकच बहीण, द्वारकाबाई. दिली लासूर स्टेशनला. गारखेड्याचं घर बांधून बारा वर्षं झाली, पण ती या घरात एकदाही आलेली नव्हती. वास्तुशांतीलाही नाही. दर भाऊबीजेला तात्या सकाळच्या गाडीनं लासूरला जात. ती पाट मांडे, ओवाळी, पुरणाची पोळी वाढी, सगळं रीतसर. फक्त त्यांना "दादा" म्हणत नसे. "या तलाठीसाहेब. बसा तलाठीसाहेब. तूप घ्या तलाठीसाहेब." संध्याकाळी परत येऊन तात्या दोन दिवस कोणाला काही विचारत नसत. त्या दोन दिवसांत त्यांच्याकडचा चहा गरम पिता येई, पण मजा येत नसे. एकदा मला म्हणाले होते, "तिनं एकदा या घराचा उंबरा वलांडावा. बस. दुसरं मागणं नाय माझं." बिनसलं कशावरून ते मी काकूंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "भावा-बहिणीचं हाय. मला विचारू नका, त्यायलाबी विचारू नका."

आता राजघराण्याकडे वळतो.

तात्यांच्या मुलानं त्यांना नवा मोबाइल दिला. तात्या त्यावर 'वारस नोंद कशी करावी' या विषयावरचे व्हिडिओ बघत आणि प्रत्येकाखाली चुका लिहीत. एक दिवस मोबाइलनं आपल्या अकलेनं त्यांच्यासमोर एक इंग्रजी व्हिडिओ आणून ठेवला. युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ देशातल्या, गादीवरून उतरवलेल्या राजघराण्यात वारसाहक्काचं भांडण लागलं होतं. देशाचं नाव मी सांगत नाही, कारण तात्यांना ते उच्चारता येत नाही आणि मला ते लिहिता येत नाही. तात्या मोबाइल घेऊन आमच्याकडे आले. "हे काय म्हणू राहिले, ते सांगा मला."

मी सांगितलं. राजाला लोकांनी घालवलं त्याला तीन पिढ्या झाल्या. राज्य गेलं, राजवाड्यात म्युझियम झालं, मुकुट काचेच्या पेटीत आहे. तरी घराण्याचा प्रमुख कोण, यावर चुलत भावंडं भांडतायत. शेवटच्या राजाचा नातू नुकताच निपुत्रिक वारला. त्याची सख्खी बहीण मॅथिल्डा म्हणते, आता मी. चुलतभाऊ कॉन्राड म्हणतो, बाईमाणसाला गादी नाही, आणि तिनं तर एका जनावरांच्या डॉक्टरशी लग्न करताना हक्क सोडल्याचा कागदही सही करून दिलाय.

तात्यांच्या चेहऱ्यावर जी तकाकी आली ती मी विसरणार नाही. "म्हंजी सातबारा कोरा," ते म्हणाले, "आन् एकुमॅ कोण याचं भांडण." एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या सातबाऱ्यावर घरातल्या कर्त्या भावाच्या नावामागे ही अक्षरं असतात. युरोपातल्या हजार वर्षांच्या राजपदाचं इतकं सोपं वर्णन त्या घराण्यातही कोणी केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक मोठा कागद लागला. त्यावर तलाठी पद्धतीची वंशावळ होती. कॉन्राडचं कोंडिबा झालं होतं, मॅथिल्डाचं मथुराबाई, आणि मेलेल्या भावाच्या नावाची खटपट न करता तिथं नुसतं 'मयत' लिहिलं होतं. काकूंना ती वंशावळ फार आवडली नाही, कारण त्या जागी त्यांना गणपतीची तसबीर लावायची होती. पण आठवड्याभरात त्याही विचारू लागल्या, "मथुराबाईच्या पोराचं लगन झालंय का हो?"

माझा अंदाज होता की तात्या मथुराबाईच्या बाजूचे असतील. झालं उलटंच. ते कोंडिबाच्या बाजूनं इतक्या तावातावानं बोलत की मला नवल वाटे. "हक्कसोड हाय ना? सही हाय ना? मंग विषय संपला. सही केल्यावर बाईनं बोलू नये." मी एकदा म्हणालो, तिला कदाचित कागदात काय आहे ते ठाऊक नसेल. तात्या माझ्यावर खेकसले, "ठाऊक नसतं तर इचारायचं व्हतं तिनं." आणि चहा न पिताच घरी गेले.

पण माणूस नियमाचा. एकतर्फी निकाल देणं त्यांच्या रक्तात नाही. दोन्ही बाजूंना नोटीस काढली पाहिजे असं त्यांनी ठरवलं आणि इंग्रजी कारकून म्हणून माझी नेमणूक झाली. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. माझं इंग्रजी म्हणजे सप्लायरला मेल लिहिण्याचं इंग्रजी. तेव्हा कोंडिबाच्या कार्यालयाला जी नोटीस गेली ती 'वुइथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट' अशी सुरू झाली आणि 'काइंडली डू द नीडफुल' अशी संपली. मधे तात्यांचा मजकूर होता की आपली वंशावळ तपासण्यात येत असून पंधरा दिवसांत हरकत असल्यास कळवावे.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. आपला संदेश मिळाला, आभारी आहोत, सोबत राजपुत्रांचं शिकारीच्या पोशाखातलं छायाचित्र. मी सांगत होतो की हे यंत्राचं उत्तर आहे, कोणी वाचलेलं नाही. तात्या म्हणाले, "वाचू नाय वाचू. पोच मिळाली." ते छायाचित्र त्यांनी प्रिंट काढून फायलीला लावलं आणि खाली लिहिलं, 'सामनेवाला हजर.'

मथुराबाईंचा पत्ता त्यांच्या घोड्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर सापडला. तिला नोटीस नाही, जबाबाचे प्रश्न पाठवायचे ठरले. हक्कसोड करून देणाऱ्याला विचारतात ते. कागद वाचून दाखवला होता का? त्या वेळी कोण कोण हजर होतं? नशापाणी केलं होतं का? हा प्रश्न मी गाळायला बघत होतो, पण तात्या म्हणाले, कायद्यापुढं राजकन्या आन् गंगापूरची म्हातारी सारखीच. शेवटचा प्रश्न अर्थातच, सही राजीखुशीनं केली का? याचं इंग्रजी मला येईना. खरेदी विभागात हा शब्द लागत नाही. शेवटी मी दोन तुकडे केले आणि लिहिलं, वेअर यू अ‍ॅग्रीड, अँड वेअर यू हॅपी? चुकीचं इंग्रजी आहे हे मला माहीत होतं. वेळ नव्हता.

तीन आठवडे काही आलं नाही. मग एका रविवारी सकाळी आलं. मथुराबाईंनी स्वतः लिहिलेलं होतं. मी तात्यांच्या हॉलमध्ये, वंशावळीखाली बसून ते एकेक ओळ मराठीत वाचून दाखवलं. काकू पोहे परतता परतता दारात येऊन उभ्या राहिल्या.

कागद वाचून दाखवला नव्हता. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. हजर होता फक्त भाऊ. गच्चीवर वारा होता म्हणून त्यानं कागद दोन्ही हातांनी दाबून धरला होता. नशा आधी केली नव्हती, जेवणाच्या वेळी भरपूर केली. इथं तात्या हसले आणि त्यांनी लिहून घेतलं, 'नंतर केली.'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोठं होतं. "तुम्ही दोन प्रश्न विचारलेत ते बरं केलंत," तिनं लिहिलं होतं. "अ‍ॅग्रीड, हो. मी राजी होते. मला गादी नको होती, मला घोडे आणि माझा नवरा हवा होता. हॅपी होते का, हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. माझ्या भावानं एकदा विचारलं असतं तर मी सही करून त्याच्या गळ्यात पडले असते. त्यानं विचारलं नाही म्हणून मी पन्नास वर्षं रुसून राहिले. आता तो नाही. मला गादी अजूनही नको आहे. पण रुसवा सांगायला माणूस राहिला नाही, म्हणून मी वकिलांना सांगते."

मी मोबाइल खाली ठेवला. तात्या वहीत काही लिहीत नव्हते. ते वर वंशावळीकडे बघत होते, जिथं त्यांनी मोठ्या अक्षरात 'मयत' लिहिलं होतं.

"राजी येगळं आन् खुशी येगळी," ते म्हणाले. "चौतीस वर्ष मी तो एकच शब्द समजून लिहिला."

काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. त्या दिवशी तात्यांनी मला काही विचारलं नाही.

मंगळवारी ते आमच्या दारात धुतलेल्या कपड्यांत उभे होते. "लासूरला येताय का? गाडी तुमची. राजीखुशीनं." मी रजा टाकली. पडेगाव मागे पडलं. मग तात्या रस्त्याकडे बघत बोलले.

"वडील वारले तव्हाची गोष्ट. जमीन माझ्या एकट्याच्या नावी करायची व्हती. तशी पद्धतच व्हती, सगळ्या बहिणी सोडून देतात. मी द्वारकीला निरोप धाडला, गंगापूरला ये, एक सई हाय. ती आली. कचेरीत ही गर्दी. मी म्हणलं हितं कर. तिनं केली. मंग आम्ही भाईर बाकावर बसलो. तिनं कागद मागितला, वाचला. मजकूर माझ्याच हातचा. 'मी राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, नशापाणी न करता हक्क सोडत आहे.' ती म्हणली, दादा, हे तू लिवलं? मला कव्हा इचारलं व्हतं तू? मी काय म्हणावं? मी म्हणलं, असं लिवायची पद्धतच असती." तात्यांनी काच खाली केली. "ती म्हणली, बरं, तलाठीसाहेब. तव्हापासून."

मला तेव्हा कळलं की हा माणूस इतकी वर्षं भाजीवालीला आणि रिक्षावाल्याला जे विचारत हिंडतोय, ते कोणाला विचारायचं राहून गेलंय. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली, आणि गार झालेल्या सगळ्या चहांबद्दलचा माझा राग त्याच वेळी गेला.

द्वारकाबाई अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. बारीक चणीची, करकरीत आवाजाची बाई. "या तलाठीसाहेब," त्या म्हणाल्या. "आज काय भाऊबीज नाय."

तात्या खाटेवर बसले नाहीत. समोर जमिनीवर बसले, पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "तुझा जबाब घ्यायचा राहिलाय," म्हणाले. "राजी व्हतीस का?"

द्वारकाबाईंचा हात सुपात थांबला. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "व्हते," त्या म्हणाल्या. "मला कुठं जमीन कसायची व्हती?"

"खुशी व्हती का?"

त्या बराच वेळ खडे वेचत राहिल्या. "नव्हती," त्या म्हणाल्या.

तात्यांनी ते लिहिलं. त्यांच्या त्या गोल, सरकारी अक्षरात लिहिलं, 'खुशी नव्हती. विचारले नाही.' वाचून दाखवलं. खाली स्वतःच सही केली. मग म्हणाले, "मी नवा कागद करतो. निम्म्याला तुझं नाव लावतो. तू वाच, मंग बोल."

द्वारकाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "असं एकदम नाय," त्या म्हणाल्या. "तुमची पद्धत असती ना? पंधरा दिवसाची नोटीस लावा. हरकत असंल तर कळवीन, तलाठीसाहेब."

परत येताना तात्या काळजीत होते, पण ती काळजी कामाची होती. नोटीस गावच्या चावडीवर लावायची असते. चावडी काही आता त्यांच्या ताब्यात नव्हती, म्हणून त्यांनी ती गारखेड्याच्या घराच्या दाराला लावली आणि तसं लासूरला कळवलं. सगळ्या गल्लीनं वाचली. कुरियरवाल्यानं वाचली. दूधवाल्यानं मला विचारलं, "शेळकेसाबका घर बिक रहा है क्या?" दरम्यान राजघराण्याचा निकाल लागला. तात्यांनी वहीत लिहिलं, 'कोंडिबाचा अर्ज खारीज. मथुराबाईची हरकत मंजूर.' मी ते तिला कळवलं. तिनं उत्तर पाठवलं की युरोपातल्या एकाही न्यायालयानं इतक्या लवकर काम केलेलं नाही. त्याखाली एक ओळ होती, तुमच्या तात्यांना बहीण आहे का? त्याचं काय उत्तर द्यायचं, ते पंधरा दिवस झाल्यावर बघू, असं तात्या म्हणाले.

पंधराव्या दिवशी ते सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. काकूंनी दोनदा आत बोलावलं, गेले नाहीत. मी कारखान्याला जायला उशीर केला. उगीच गाडी पुसत राहिलो.

दहाच्या सुमारास रिक्षा आली. द्वारकाबाई उतरल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात हुरड्याची कणसं. तात्या उठून उभे राहिले. त्या फाटकातून आत आल्या, पायऱ्या चढल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांना लावला. दारावरची नोटीस पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या. घाई अजिबात नाही. ओठ हलत होते. गंगापूरच्या कचेरीत जे करायचं राहिलं होतं ते त्या तिथं उभ्यानं, सगळ्या गल्लीसमोर करत होत्या.

"वय चूक हाय," त्या म्हणाल्या. "चार वर्षानं म्हातारी केली मला."

तात्यांनी खिशातून पेन काढून दिलं. द्वारकाबाईंनी आकडा खोडून नवा घातला आणि पेन परत दिलं.

"आन् हरकत?" तात्यांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"हरकत नाय, दादा," त्या म्हणाल्या. "राजीबी हाय अन् खुशीबी हाय. वयनीला च्या टाकायला सांग."

लेखी द्या, असं तात्या तिला म्हणाले नाहीत.